दहा वाजून पाच मिनिटांनी सुटणारी फेज

छाया सरवदे, राहणार तामलवाडी, बी.एस्सी. भौतिकशास्त्र, कंत्राटी प्रयोगशाळा सहायक. हिच्यावर अन्याय झाला तो गेल्या साली, हरभरा फुलावर आला होता तेव्हा, एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. वेळ मी मनानं सांगत नाही. लॉगबुकात आहे, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात : "१०.०५ – फेज सुटली. कारण : मानवी हस्तक्षेप (सरवदे)." खाली प्रयोगशाळेच्या प्रमुखांची सही, आणि सहीपाशी वेळ १०.१२. म्हणजे सात मिनिटांत चौकशी, निकाल आणि शिक्षा. आपल्याकडची कोर्टं एवढी चपळ असती तर मला पत्रकं छापत फिरावं लागलं नसतं.

यंदा हरभरा पुन्हा फुलावर आलाय. जांभळी, बारकी, लाजरी फुलं. लोकांना त्यात सौंदर्य दिसतं. मला लॉगबुकाचं पान दिसतं.

हरभऱ्यावर माझा तसाही पूर्ण भरवसा नाही. दिसायला गरीब, गुडघ्याएवढं झाड. पण सकाळी दवात त्यात शिरा, पोटऱ्यांना चरचर सुटते. पानापानावर आंब धरलेली असते. मावशी जुन्या धोतराचं फडकं पहाटे पिकावर अंथरून ठेवायची आणि ऊन वर यायच्या आत पितळीत पिळायची. तीच आंब, पोट दुखलं की चमचाभर. जीभ आत ओढली जायची, डोळ्यांत पाणी. एवढं नाजूक दिसणारं पीक अंगावर आम्ल बाळगून उभं असतं, आणि तुम्ही कुरवाळायला गेलात तर चटका देतं. छायाताई अगदी तशी आहे असं मी एकदा म्हणाले, तर ती म्हणाली, "संगे, तू माणसाला माणूस म्हणून बघ की जरा. सारखं कशाला काय-काय लावतीस?"

छायाताई माझी मावसबहीण, चार वर्षांनी मोठी. तिचे वडील नाना, माझ्या मावशीचे यजमान. गेल्या साली तो सगळा हंगाम मी त्यांच्या घरी मुक्कामाला होते. आमच्या मंडळाची एसटीच्या फेऱ्यांची मोहीम चालू होती, कॉलेजच्या मुली थांब्यावर दीड-दीड तास उभ्या, आणि तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर तामलवाडी ही मोहिमेला सोयीची जागा. सकाळी थांब्यावर पत्रकं वाटायची, दुपारी सह्या गोळा करायच्या, संध्याकाळी मावशीच्या चुलीपुढं बसून हरभऱ्याची भाजी ओरपायची. शेंडे खुडून आणायचं काम माझं. खुडलं की झाड रागावत नाही, उलट पसरतं, असं नाना सांगायचे. त्याचाही मला संशय होता. छाटल्यानं आपण वाढतो हे नेहमी छाटणारेच सांगतात.

नानांच्या शेताला लागून, माळाच्या कडेला, एक पांढरी इमारत आहे. तिला खिडक्या नाहीत. खिडक्या नसलेल्या इमारतीबद्दल माझं मत आपोआप वाईट होतं. आमच्या भागात अशी एकच आहे, त्यामुळं संस्थेचं नाव लिहायची गरज नाही, आणि नाव लिहू नये अशी छायाताईची अटच आहे. "नाव छापलंस की भांडण नावाशी होईल," ती म्हणते, "माझं भांडण एका ओळीशी आहे."

आत काय चालतं हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं बाँब, कुणी म्हणायचं मोबाईलचा टॉवर लपवलाय. मी शेंडे खुडता खुडता तिलाच विचारलं.

"ताई, दिवसभर तिथं करता काय तुम्ही?"

"उजेडाचे तुकडे पाडतो."

"कशाला?"

"लहान गोष्टीला नेमका धक्का द्यायला. इलेक्ट्रॉन हलवायचा तर उजेड त्याच्याएवढाच चपळ पाहिजे ना." तिनं शेंड्यांची मूठ माझ्या ओच्यात टाकली. "एका सेकंदाचे एक कोटी भाग कर. त्यातल्या एका भागाचे परत दहा कोटी. असले पाच-सहा भाग मिळून आमचा एक तुकडा."

मी म्हटलं, एवढ्या वेळात तर खोटंसुद्धा बोलून होत नाही.

"तेच," ती म्हणाली. "म्हणून मला तो आवडतो."

मग तिनं मला फेज सांगितली. ही गोष्ट मी तेव्हापासून पन्नास जणांना तरी सांगितली असेल, आणि दर वेळी तिच्याच शब्दांत.

"असं समज, तुळजापूरची एसटी आपल्या थांब्यावर आली. वेळेवर."

"कधी आलीय?"

"समज म्हटलं ना गं! गाडी म्हणजे आमचा उजेडाचा तुकडा. आतला कंडक्टर म्हणजे लाटेचा माथा. गाडी थांब्याला लागली तेव्हा कंडक्टर कुठं उभा आहे, दारात, मधी, का पार मागच्या बाकड्यापाशी, त्याला फेज म्हणायचं. गाडी मैलभर लांब असती आणि आत हजार कंडक्टर असते तर कुणाला पडलंय? पण आमची गाडी इतकी आखूड की आत दोन नाहीतर तीनच मावतात. मग कोण कुठं उभा, त्याच्यावरच सगळं."

"मग उभा करा की दारात."

"राहत नाही ना. काचेतून जाताना गाडीचा वेग निराळा, कंडक्टरचा निराळा. दर गाडीला तो थोडा सरकलेला. आणि सेकंदाला आठ कोटी गाड्या."

बांधावर बसलेले नाना तंबाखू मळता मळता म्हणाले, "आठ कोटी? अन् आमच्या थांब्याला चार! सांग की तुज्या सायबाला, दोन इकडं सोडा म्हनावं."

छायाताई हसली, आणि हसता हसताच तिनं पुढचं सांगितलं. ते कंडक्टरला धरून ठेवत नाहीत. तो किती सरकतो ते मोजतात, आणि दर गाडीला तेवढाच सरकेल, एका केसानं कमी नाही की जास्त नाही, अशी व्यवस्था लावतात. त्याला म्हणायचं फेज स्थिर करणं.

स्थिर या शब्दापाशी मी थांबले. परिस्थिती स्थिर आहे, असं निवेदन ज्या ज्या वेळी आलं त्या त्या वेळी कुणाच्या तरी पाठीवर वळ होते, हा माझा अनुभव. मी विचारलं, एवढ्या चपळ गोष्टीला मोजणार कोण? कुठलं घड्याळ?

ती हात वर करून म्हणाली, ऐक. दुपारची वेळ, शेतीची लाईट होती. नानांची बोअरची मोटार चालू होती आणि पलीकडच्या शेतातलीही. दोन्हींचा आवाज जवळजवळ एकच. पण नीट कान दिला तर त्या दोन आवाजांच्या मधे तिसरंच काहीतरी हलत होतं, वांव… वांव… वांव… झोका घेतल्यासारखं. ती म्हणाली, हा आवाज दोन्ही मोटारींचा नाही. दोघींमधल्या फरकाचा आहे. प्रयोगशाळेत हेच करतात. उजेडाचा तुकडा पसरून त्याचे सगळे रंग मोकळे करायचे, तांबड्या टोकाची कंपनं दुप्पट करायची आणि निळ्या टोकाच्या शेजारी ठेवायची. जी वांव-वांव उरते ती म्हणजे कंडक्टरचं सरकणं. लाटेची चूक लाटच सांगते, बाहेरचा साक्षीदार लागत नाही. मग ती चूक उलटी करायची आणि लेसरला मिळणारी ताकद तेवढ्यानं कमी-जास्त करायची.

"चूक मोजायची, उलटी करायची, परत आत घालायची," छायाताई म्हणाली. "संपलं."

मी ते वाक्य एका पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं. तो कागद अजून आहे. त्यावर हरभऱ्याच्या आंबेचा डाग पडलाय, आणि डागाखालची शाई फिकी झालीय.

मंगळवारची हकिगत तिनं मला त्याच दिवशी सांगितली नाही. दोन दिवस ती नेहमीसारखी डबा घेऊन जात राहिली. तिसऱ्या दिवशी मी सह्यांचा कागद घेऊन त्या पांढऱ्या इमारतीत शिरले, तिथल्या लोकांच्याही सह्या हव्या होत्या म्हणून, आणि बघते तर ती बाहेरच्या बोळात, चपलांच्या मांडणीशेजारी, स्टुलावर बसलेली. मांडीवर वही.

"इथं कशाला बसलीस?"

"आत जायचं नाही म्हणालेत."

"कोण?"

"सर."

सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. परदेशात शिकून आलेले, बोलायला मऊ, प्रत्येकाला अहो-जाहो करणारे. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "सरवदे, माझा वैयक्तिक रोख नाही. पण तुम्ही आत आलात की फेज सुटते. नोंदीच सांगतात. उद्यापासून लेसरच्या खोलीत येऊ नका."

आणि नोंदी खरंच तसं सांगत होत्या. छायाताई एक आठवडा सकाळच्या पाळीला, एक आठवडा दुपारच्या. तिच्या उलट बालाजी नावाचे दुसरे सहायक. ज्या आठवड्यात सकाळी छायाताई, त्या आठवड्यात रोज दहा-पाचला फेज सुटलेली. ज्या आठवड्यात सकाळी बालाजी, त्या आठवड्यात लाट कशी, गाईसारखी गरीब. सहा आठवड्यांच्या नोंदी, एकदाही अपवाद नाही. आकडे खोटे नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. खोटा आकडा पकडता येतो. खऱ्या आकड्याच्या आडोशाला बसलेला माणूस सापडत नाही.

तुम्ही आत आलात की. हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही. आमच्या आज्यांनी दीक्षा घेतली ती हे वाक्य मागं टाकायला. आडावर ऐकलेलं, देवळाच्या पायरीवर ऐकलेलं, आणि आता यूपीएस लावलेल्या, हवा गाळून घेतलेल्या, एका अंशाचाही फरक न पडणाऱ्या खोलीच्या दारात ऐकलेलं. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. मथळा : "लेसरलाही विटाळ होतो काय?" अजूनही सांगते, मथळा चांगला होता.

छायाताईनं कागद वाचला, घडी घातली आणि पितळीखाली ठेवला.

"छापायचं नाही."

"का? खोटं काय आहे यात?"

"खोटं आहे का खरं आहे, तेच मला माहीत नाही. सरांच्या मनात काय होतं ते तुला दिसलं?"

"दिसायला कशाला पाहिजे! मी ओळखते असली माणसं."

"ते पण मला असंच ओळखतात," ती म्हणाली. "आकड्यावरनं. तू आडनावावरनं ओळखतीस. आधी मोजू दे मला. मग छाप काय छापायचं ते."

मी गप्प बसले असं दाखवलं. बसले मात्र नाही. पत्रक नाही तर नाही, माझा संशय बालाजीवर गेला. दोन सहायक, एकाच पाळीची अदलाबदल, एकीचं नाव खराब झालं की दुसऱ्याची जागा पक्की. सरळ गणित! मी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून टाकलं की हा माणूस टेबलाशी काहीतरी खोड्या करतो आणि नाव आमच्या बहिणीवर येतं. वर त्याला चहाच्या टपरीवर गाठून तोंडावर विचारलं.

बालाजीभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, ज्या आठवड्यात फेज सुटती त्या आठवड्यात मी दुपारी दोनला येतो. सकाळी दहा-पाचला मी पोरीची वेणी घालत असतो, तिची शाळा साडेदहाची. वाटलं तर पोरीला विचारा. वेणी वाकडी असती, पण असती."

टपरीवरचे लोक हसले. मला हसू आलं नाही, आणि मी मेसेजही काढला नाही. माणूस गोड बोलतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असं मनाशी म्हणून सायकलला टांग मारली. हे लिहिताना कान गरम होतायत, पण लिहितेच. चूक मोजायची म्हटलं तर आपलीही मोजली पाहिजे.

तिकडे बोळातल्या स्टुलावर छायाताई मोजत होती. आत लेसर नव्यानं जुळवायला त्या आठवड्यापुरता बंद ठेवला होता, त्यामुळं ती बाहेर असताना फेज सुटते की नाही हे कुणी बघितलंच नाही. दहा वाजता तिच्या हातात स्टीलच्या पेल्यात चहा यायचा. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की दहा-पाचला चहाच्या पृष्ठभागावर गोल गोल वळी उठतात. पेला मांडीवर असेल तर नाही. भिंतीला लागून फरशीवर ठेवला तर उठतात. तिनं पेला फरशीवरच ठेवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं, चहा गार करून पिते. तिनं चप्पल काढली आणि तळवा फरशीवर टेकवला. दहा-पाच. धप्प. खालून, आतून, कुणीतरी पोत्यावर मूठ मारावी तसं.

तो धप्प तिला ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. पुढच्या आठवड्यात तिची पाळी दुपारची, तरी ती मुद्दाम सकाळी दहालाच येऊन बसायची, पण तो आलाच नाही. आठवडाभर चहा शांत.

आठवलं ते घरी, रविवारी. मी आणि ती मोटारीच्या खोपीपाशी आगाप पेरलेल्या पट्टीतले ढाळे सोलत बसलो होतो, हिरवे कच्चे दाणे, दर तिसऱ्या घाट्यात अळी, मी दर घाटा उघडून बघून खाणारी, ती न बघता. नाना मोटारीच्या पेटीवर हात ठेवून कौतुक सांगत होते. त्या साली त्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलं होतं. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईट यायची वेळ गाठून शेतात उभं राहणं हा निम्म्या शिवाराचा धंदा. ऑटो बसवलं की माणूस घरी, लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. सगळ्यांनी बसवलं होतं.

"आता उद्यापून दिवसाची लाईट," नाना म्हणाले. "धाला पाच मिन्टं झाली की सुरू. म्या घरी भाकर खात असंन, अन् हितं पानी चालू!"

छायाताईच्या हातातला घाटा तसाच राहिला.

"नाना, दहाला किती?"

"पाच मिन्टं. का गं?"

ती उठली. मोटारीपासून पाईप जिथून जातो त्या रेषेनं चालत गेली, बांध ओलांडून, इमारतीच्या कुंपणापर्यंत. पाईप कुंपणाखालून, भिंतीला अगदी खेटून जातो आणि तिथं काटकोनात वळतो. इमारत व्हायच्या आधीपासून तो तिथं आहे. मोटार बंद असली की पाईपात हवा भरते. मोटार एकदम सुरू झाली की पाणी त्या हवेला ढकलत धावत येतं आणि वळणावर आपटतं. लहानपणी ती आणि तिचा भाऊ त्या वळणावर कान लावून धप्प ऐकायचे. लाईटीचा झटका प्रयोगशाळेत यूपीएस खाऊन टाकतो, पण जमिनीतून आलेला धक्का कोण खाणार? टेबल हवेच्या पायांवर तरंगतं तरी असला सावकाश, जाडा धक्का त्यातून वर चढतोच, आणि चूक उलटी करणारी ती व्यवस्था बारीक चुकांसाठी असते. दांडगा धक्का बसला की तिचा हात सुटतो.

दिवसाच्या लाईटीचा आठवडा आणि छायाताईच्या सकाळच्या पाळीचा आठवडा, दोन्ही एकच. बालाजीभाऊंच्या आठवड्यात लाईट रात्री, तेव्हा प्रयोगशाळा बंद. सरांना हे कळणं शक्य नव्हतं. त्यांच्या भिंतीवर जगातल्या चार शहरांची घड्याळं होती. शेजारच्या शेतात लाईट कधी येते ते सांगणारं एकही नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला असेल असं मला वाटलं होतं. उजळला नव्हता. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मोटारीकडं बघितलं, पाईपाकडं, मग लेकीकडं.

"म्हंजी म्याच का?"

"तुमी न्हाय नाना. पाईपातली हवा."

"हवा माज्याच पाईपातली ना!"

मी मधेच बोलले की हे सरांना सांगायचंच नाही, सांगितलं तर पाईप उखडायला लावतील, रब्बी हातची जाईल, आणि वर म्हणतील बाप-लेक मिळून सरकारी लेसर पाडतात. मला ते सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. छायाताई माझ्याकडं बघतही नव्हती. ती नानांकडं बघत होती.

नाना म्हणाले, "सांग जाऊन. बापाचं नाव सांगायला लाज वाटती व्हय तुला?"

सोमवारी चाचणी झाली. नानांनी ऑटो काढून मोटार हातावर घेतली. छायाताईनं सरांना सांगितलं, मी बोळातच उभी राहते, आत पाऊल टाकत नाही, तुम्ही पडद्याकडं बघा. मग तिनं नानांना फोन लावला. अकरा वीसला, "नाना, दाबा." आतून एक विद्यार्थी ओरडला, "सुटली!" पाईप रिकामा होऊ दिला. बारा पाचला, "दाबा." "सुटली!" पाऊण वाजता तिनं फोन कानाला लावला, दाबा म्हणालीच नाही. आत सगळे श्वास धरून. लाट हलली नाही. एक वाजता, "दाबा." "सुटली!"

सर बाहेर आले. मी मुद्दाम तिथं थांबले होते, माफी कशी मागतात ते बघायला. ते हसत होते, मनापासून, खेळीमेळीनं. म्हणाले, "म्हणजे शेवटी सरवदेच!"

सगळे हसले. छायाताईसुद्धा थोडं हसली. विनोद वाईट नव्हता, हेतूही वाईट नसेल. हेतू वाईट नसलेल्या वाक्यांचा मी तेव्हापासून जास्त संशय धरते, कारण त्यांच्यावर तक्रारही करता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आत गेली. पाईप उखडला नाही, तेवढा माझा अंदाज चुकला. वळणावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसला, पण तो एकटा पुरत नाही असं दिसलं. तेव्हा नानांनी आपण होऊन ऑटो बंद ठेवलं. आज वर्ष झालं, दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात ते रोज दहाच्या आत शेतात जातात, मोटारीपाशचा पाण्याचा व्हॉल्व्ह तीन हिस्से बंद ठेवून मोटार सुरू करतात आणि मग चाक बोट-बोट फिरवत पाणी सोडतात. पाच-सात मिनिटं लागतात. आज सकाळी मी त्यांच्याशेजारी उभी होते. दवानं पाय भिजलेले, आंबेनं चरचरणारे. नानांची मान कलती, कान पाईपाकडं, हात चाकावर. धप्प झाला नाही. पाणी पाईपातून कुजबुजत गेलं.

"झोपलं बग लेकरू," ते म्हणाले.

भिंतीपलीकडं त्या क्षणी उजेडाचे कोट्यवधी तुकडे एकसारखे पडत होते. प्रयोगशाळेच्या दर्शनी भागात एक आलेख लावलाय. गेल्या सालापर्यंत खाचा-खाचांची रेष, मग एकदम सरळ. पाहुणे आले की सर तो दाखवतात. खाली लिहिलंय : "दीर्घकालीन फेज स्थैर्य." त्या सरळ रेषेत नानांचा हात आहे. तो कुणाला दिसत नाही. रेष सरळ असली की तिच्यामागचा हात कुणी शोधत नाही, वाकडी असली की लगेच नाव सापडतं.

आणि ती ओळ लॉगबुकात अजून तशीच आहे.

छायाताईनं दोनदा विनंती केली. पहिल्यांदा सर म्हणाले, जुनं पान कशाला उकरायचं, तुम्ही आत आहात ना आता? दुसऱ्यांदा म्हणाले, बघू. तिचा दोन वर्षांचा करार या मार्चअखेर संपतो. नूतनीकरणाच्या फायलीत त्या पानाची झेरॉक्स जोडलेली आहे. फाइल वरच्या ज्या माणसापुढं जाईल त्याला धप्प माहीत नाही, नाना माहीत नाहीत, चहाच्या पेल्यातली वळी माहीत नाहीत. त्याला कंसातलं आडनाव तेवढं दिसेल.

ती पान फाडा म्हणत नाही. खोडा असंही म्हणत नाही. लॉगबुकाच्या पहिल्या पानावर सरांनी स्वतःच्या हातानं नियम लिहिलाय : चुकीची नोंद पुसू नये, तिच्यावर एकच रेघ मारावी, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद, वेळ आणि सही. तिला तेवढंच पाहिजे. तिच्या आवडत्या लाटेला जो न्याय मिळतो तो.

मी माझी ओळ खोडली आहे. मंडळाच्या गटावरचा बालाजीभाऊंविषयीचा मेसेज मी काढून टाकला नाही. त्याच्याच खाली उत्तर म्हणून लिहिलं : वरचं माझं लिहिणं चुकीचं होतं, कारण पाईपातली हवा होती, मी न मोजता नाव घेतलं, खाली माझं नाव, वेळ. मग टपरीवर जाऊन त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "पोरीची वेणी आता सरळ यायला लागलीय." मला सात मिनिटंही लागली नाहीत. म्हणून सरांना वर्ष का लागतंय, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराविषयी माझा जो संशय आहे तो मी छायाताईच्या शब्दाखातर अजून छापलेला नाही.

आता तुमच्याकडं येते. विज्ञान दिनाला ती पांढरी इमारत सगळ्यांसाठी उघडी असते. तेव्हा हरभरा घाट्यावर असेल. तुम्ही या. लेसर बघा, आलेख बघा, टाळ्याही वाजवा, लाट खरंच बघण्यासारखी आहे. मग टेबलाशेजारचं लॉगबुक मागा. गेल्या सालचा हरभऱ्याचा हंगाम, मंगळवार, दहा-पाच. पहिल्या पानावरचा नियम मोठ्यानं वाचा. त्या ओळीवर एक रेघ मागा, शेजारी मागा : "कारण : पाण्याच्या पाईपातील हवा. शोध : छाया सरवदे." आणि सही. सही होईपर्यंत टेबलापासून हलू नका.